व्हॉयेजरचा सगळ्यात 'कुठल्याही जहाजावर चालला असता' असा एपिसोड कोणता?

दूरची_वाट
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. गेले अडीच महिने रोज रात्री मागचं आवरलं की एक, असं करत स्टार ट्रेक व्हॉयेजर परत पहिल्यापासून बघतेय, तिसरा सीझन संपत आलाय. मालिका मला मनापासून आवडते हे आधीच सांगून ठेवते.

तर विषय असा. व्हॉयेजरला जी सुरुवात मिळाली ती दुसऱ्या कुठल्याच स्टार ट्रेकला मिळाली नाही. व्हॉयेजर हे अंतराळजहाज एका फटक्यात सत्तर हजार प्रकाशवर्षं लांब फेकलं जातं, पूर्ण वेगाने निघालं तरी घरी पोचायला पंचाहत्तर वर्षं, वाटेत ओळखीचा तळ नाही, दुरुस्तीला बंदर नाही, आणि वर स्टारफ्लीटची, म्हणजे पृथ्वीकडच्या अंतराळ ताफ्याची, माणसं आणि ज्यांना पकडायला ती निघाली होती ते माकी बंडखोर एकाच जहाजावर. एवढं सगळं हाताशी असताना मधेच असे एपिसोड येतात की ज्यात यातलं काही म्हणजे काही लागत नाही.

माझी परीक्षा सोपी आहे. जहाजावरची पाटी बदलायची. कॅप्टन जेनवेबाईंच्या जागी 'नेक्स्ट जनरेशन' या आधीच्या मालिकेतला एन्टरप्राइज जहाजाचा कॅप्टन पिकार्ड, सुरक्षा अधिकारी टूव्हॉकच्या जागी तिथला वोर्फ, आणि गोष्ट तशीच्या तशी चालली तर तो एपिसोड जेनेरिक. वाईटच असला पाहिजे असं नाही, हे लक्षात घ्या.

माझं मत 'टाइम अँड अगेन'ला. जानेवारी १९९५, मालिका सुरू होऊन दोनच आठवडे झालेले. एका ग्रहावर स्फोटात सगळं जळून गेलंय, जेनवे आणि जहाजाचा चालक टॉम पॅरिस बघायला उतरतात आणि स्फोटाच्या आदल्या दिवसात जाऊन पडतात, मग कळतं की त्यांना सोडवायच्या खटपटीतूनच तो स्फोट होणार आहे, बाई तो थांबवतात आणि शेवटी सगळंच पुसलं जातं. अहो घर सुटून चार दिवस झालेत, जहाजावर कोण कुणाशी बोलत नसेल, कुणी रडत असेल, आणि आपण दुसऱ्याच कुणाच्या ग्रहावर दुसराच काळ सोडवत बसलोय!

तुमचा कुठला?

टॉर्पेडो_मोजणारा
रुमाल टाकून ठेवतो. ऑफिसातून लिहिणं शक्य नाही, यादी मोठी आहे.

गुळपोळी
थ्रेशोल्ड!!! पॅरिसची पाल होते तो!!!

दूरची_वाट
@गुळपोळी अगं तो जेनेरिक कसा? माणूस वार्प दहाने, म्हणजे अमर्याद वेगाने, जातो, एकाच वेळी विश्वात सगळीकडे असतो, मग त्याची जीभ गळून पडते, मग तो कॅप्टनला पळवून नेतो आणि दोघांना चिखलात पिल्लं होतात. असलं कुठल्या मालिकेत बघितलंयस?

गुळपोळी
बरं. मागे घेते. पण तो एपिसोड काढला की मला बोलायचंच असतं.

कोकणकडा
थ्रेशोल्डला मेकअपचं एमी मिळालंय, १९९६ला. ती जीभ वगैरे सगळी मायकल वेस्टमोरच्या टीमची मेहनत. एपिसोड बेकार पण विसरता येत नाही, आणि जेनेरिकची माझी व्याख्याच ती आहे, बघून झाल्यावर दुसऱ्या दिवशी आठवायला लागतो तो. त्या हिशोबाने माझं मत 'वॉरलॉर्ड'. जहाजावरच्या केस नावाच्या मुलीच्या अंगात कुठला तरी मेलेला हुकूमशहा शिरतो. एवढं आठवतंय, पुढचं विचारू नका. जेनिफर लीनने काम मात्र झकास केलंय, एवढीशी नाजूक केस आणि एकदम अशी गुर्मी.

प्रोफेसर_भिंगरी
चांगला धागा. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे माझा राग 'पॅरलॅक्स'वर आहे. पायलटनंतरचा पहिलाच एपिसोड, जहाज कृष्णविवरात अडकतं, बाहेर दुसरं एक जहाज अडकलेलं दिसतं आणि ते त्यांचंच प्रतिबिंब निघतं. हे एन्टरप्राइजवर सहज झालं असतं, पाटीबदल परीक्षेत पहिल्या वर्गात पास.

पण त्यातलं विज्ञान! घटनाक्षितिजाला 'तडा' गेलाय म्हणे आणि त्या तड्यातून जहाज बाहेर काढायचं. मंडळी, घटनाक्षितिज ही काही भिंत नाही. ती हद्द आहे. हद्दीच्या आत गेलं की बाहेर यायला प्रकाशाचाही वेग पुरत नाही, एवढाच तिचा अर्थ. तालुक्याच्या सीमेला तडा गेला असं कुणी म्हणेल का? आमच्या पिढीला विज्ञानकथेची गोडी नारळीकर सरांमुळे लागली, तिथे आधी विज्ञान पक्कं असायचं आणि मग त्यावर कल्पना उभी राहायची. ती सवय झाली की असलं काही ऐकलं की त्रास होतो.

अनुजा_के
सर, विज्ञानाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर, पण पॅरलॅक्सला जेनेरिक म्हणू नका प्लीज! कृष्णविवर हा त्यातला मागचा पडदा आहे हो. गोष्ट बेलाना टॉरेसची आहे. पहिल्याच सीनच्या आधी तिने स्टारफ्लीटच्या इंजिनिअर कॅरीचं नाक फोडलेलं असतं. माकी बाई, अकादमी अर्धवट सोडलेली, आणि माकींचा म्होरक्या चकोटे म्हणतो हिलाच चीफ इंजिनिअर करा. जेनवेबाई आधी ऐकतच नाहीत. मग ते मीटिंगमध्ये दोघी एकमेकींची वाक्यं पुरी करायला लागतात, उपाय सापडत जातो तशा दोघींच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो ना, तो मी कितीदा मागे घेऊन बघितलाय! हे एन्टरप्राइजवर होऊच शकत नाही, तिथे सगळे आधीच गुणी. हा प्रश्नच व्हॉयेजरचा आहे, माणसं दोन गटांतली, जागा एक, आणि ज्याचा हक्क होता त्या कॅरीने आता हिच्या हाताखाली काम करायचं.

मी स्वतः मशीन शॉपमध्ये पंधरा वर्षं आहे, पहिली दोन वर्षं फोरमन माझ्याशी थेट बोलत नव्हते, दुसऱ्या कुणाला तरी सांगायचे आणि तो मला सांगायचा. त्यामुळे बेलानाचा हा एपिसोड मला कसा दिसतो ते मी वेगळं सांगायला नको.

प्रोफेसर_भिंगरी
@अनुजा_के पटलं. कृष्णविवर बाजूला ठेवून परत बघतो. मत राखून ठेवतो.

नवीन_भिडू
मी पहिल्यांदाच बघतोय, दुसऱ्या सीझनला आहे. धागा वाचू की नको? स्पॉयलर किती आहेत?

कोकणकडा
@नवीन_भिडू मालिका २००१ला संपली रे बाबा. पण तू थांब, सीझन चार झाला की ये. तोवर फक्त वरच्या थ्रेशोल्डच्या पोस्टी वाच, म्हणजे मनाची तयारी होईल.

टॉर्पेडो_मोजणारा
आलो. जरा लांबण लागेल.

माझ्या आयडीचं कारण आधी सांगतो. पहिल्याच सीझनमध्ये 'द क्लाउड'मध्ये स्पष्ट सांगितलंय की जहाजावर अडतीस फोटॉन टॉर्पेडो आहेत आणि संपले की नवे मिळायची सोय नाही. मी तेव्हा शाळेत होतो, वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढून मोजायला बसलो. आज किती उरले, उद्या किती उरतील, काय थरार होता! आणि मग हळूहळू लक्षात आलं की लेखक मोजतच नाहीयेत. अडतीस कधीच ओलांडले. शटलचंही तेच, आज एक फुटलं, पुढच्या आठवड्यात दुसरं तयार. मला त्या वयात खरंच वाईट वाटलं होतं, मी मोजतोय आणि तिकडे कुणीच मोजत नाही.

म्हणून माझ्या लेखी जेनेरिकपणा गोष्टीत नसतो, तो दुसऱ्या आठवड्याच्या सकाळी असतो. ढगातला प्राणी, वेळेचा गुंता, अंगात शिरलेला परका, यातलं काहीही चालेल, पण त्याचा ओरखडा पुढच्या एपिसोडला दिसू द्या ना. जहाज परत धुतल्या तांदळासारखं, गालिचा स्वच्छ, सगळ्यांचे गणवेश इस्त्रीचे.

रोनाल्ड मूर, ज्याने नेक्स्ट जनरेशन आणि डीप स्पेस नाइन या स्टार ट्रेकच्याच मालिकांसाठी इतकं चांगलं लिहिलं, तो १९९९ला व्हॉयेजरवर आला आणि थोड्याच दिवसांत सोडून गेला. त्याचं दुखणं हेच होतं, हे जहाज हळूहळू बदलायला पाहिजे, मोडायला पाहिजे, इथल्या माणसांनी स्वतःच्या चालीरीती करायला पाहिजेत. मग त्याने बॅटलस्टार गॅलॅक्टिका नव्याने केली आणि तिथे अध्यक्षीणबाईंच्या फळ्यावर जिवंत माणसांचा आकडा लिहून ठेवला, एक मेला की एक कमी. तो फळा बघितल्यावर मला माझी वही आठवली, खोटं नाही सांगत.

सगळ्यात जास्त दुःख 'यिअर ऑफ हेल'चं. १९९७चा दोन भागांचा. जहाजाच्या चिंध्या, टूव्हॉक आंधळा झालाय, डेकच्या डेक बंद, बाई कॅप्टनपदावरून हटायला तयार नाहीत. हे अख्ख्या सीझनभर चालवायचा विचार होता. आणि शेवटी काय, जहाज क्रेनिम या शत्रूच्या काळ बदलणाऱ्या जहाजावर आदळलं, काळ मागे फिरला, सगळं पुसलं. इतकं भारी काम आणि पाटीवर पुन्हा पहिला दिवस.

दूरची_वाट
@टॉर्पेडो_मोजणारा ती वही अजून आहे का? असेल तर फोटो टाका.

टॉर्पेडो_मोजणारा
आईने रद्दीत दिली. बारावीच्या सुट्टीत.

गुळपोळी
अरेरे 😔

डेक_पंधरा
मी थोडं दुसऱ्या बाजूने बोलतो, लेखकांची बाजू कुणी घेत नाहीये म्हणून. वर्षाला सव्वीस एपिसोड म्हणजे काय हे आता आठ-आठ भागांच्या मालिका बघून आपण विसरलोय. पैसे आधी मोठ्या एपिसोडांवर जायचे, मग भरून काढायला 'बॉटल एपिसोड', म्हणजे नवा सेट नाही, बाहेरचं शूटिंग नाही, आहे त्याच ब्रिज आणि कॉरिडॉरमध्ये गोष्ट उरकायची. 'ट्विस्टेड' हा त्याचाच नमुना. केसच्या वाढदिवसाला अंतराळातली एक विकृती जहाजाला पिळते, एका दारातून आत गेलं की भलत्याच खोलीत निघतं, आणि सगळे तासभर कॉरिडॉरमधून फिरतात, कारण कॉरिडॉर फुकट होता!

ग्रह पाहिजे असेल तर पॅरामाउंटचा स्टेज सोळा, गुहांचा कायमचा सेट, युनिटमध्ये त्याला 'प्लॅनेट हेल' म्हणायचे. म्हणून इतक्या ग्रहांवर गुहाच गुहा. आणि संवादातलं तांत्रिक तर लेखक लिहायचेच नाहीत, जागा सोडून तिथे नुसतं 'टेक' असं लिहायचे आणि विज्ञान सल्लागार आंद्रे बोर्मानिस ती जागा भरून द्यायचे. आता जिथे संकट 'टेक' आणि सुटकाही 'टेक', तो एपिसोड कुठल्याही जहाजावर चालणारच, कारण जहाज कुठलं हे त्या जागेत लिहिलेलंच नाही.

माझं मत 'ट्विस्टेड'.

प्रोफेसर_भिंगरी
हे 'टेक'चं माहीत नव्हतं. वर्गात सांगतो उद्या. मुलंही उत्तरपत्रिकेत हेच करतात, मधल्या दोन पायऱ्या सोडून थेट उत्तर.

अनुजा_के
😂😂 सर!

बाबांचा_रिमोट
मला इथे सगळ्यांशीच थोडं भांडायचंय.

आमच्या बाबांना कीर्तनाचं वेड. लहानपणी मी त्यांना विचारायचो, बाबा आख्यान तर तेच आहे, सुदाम्याचे पोहे तुम्ही पन्नासदा ऐकलेत, परत कशाला जायचं? ते म्हणायचे, अरे आख्यान तेच असतं, बुवा कोण आहे ते बघायला जायचं. मला वाटतं स्टार ट्रेक असाच बघायचा असतो. ढगात प्राणी निघणं हे आख्यान. जुन्या मालिकेत १९६८ला महाकाय अमीबा होता, नेक्स्ट जनरेशनमध्ये 'गॅलॅक्सीज चाइल्ड'मध्ये अंतराळातल्या प्राण्याचं पिल्लू जहाजाला आई समजून चिकटलं, व्हॉयेजरला 'द क्लाउड' मिळाला. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने लावलं.

बाबा दूरदर्शनवर रविवारी सकाळी जुनं स्टार ट्रेक लागायचं तेव्हापासूनचे. शेवटची दोन वर्षं त्यांना फार काही लक्षात राहायचं नाही. मी संध्याकाळी व्हॉयेजर लावायचो. 'यिअर ऑफ हेल'सारखे एपिसोड त्यांना झेपायचे नाहीत, कोण कुठे गेलं कळेना की अस्वस्थ व्हायचे. पण ज्याला तुम्ही जेनेरिक म्हणताय ना, काहीतरी बिघडतं, सगळे मिळून बसतात, बोलतात, दुरुस्त करतात आणि जहाज पुढे निघतं, ते त्यांना शेवटपर्यंत समजायचं. शेवटी जहाज ताऱ्यांमधून सटकलं की हात वर करायचे. आमच्याकडे 'ट्विस्टेड' किमान सहा वेळा लागलाय. त्यात टूव्हॉक शेवटी म्हणतो की काही करू नका, येऊ द्या त्याला, आणि ती विकृती कुणाला काही न करता निघून जाते, तिला फक्त बोलायचं होतं. बाबा दर वेळी मान डोलवायचे.

तेव्हा त्या एपिसोडला मी मत देणार नाही.

डेक_पंधरा
@बाबांचा_रिमोट माझं मत मागे घेतो. मनापासून.

दूरची_वाट
@बाबांचा_रिमोट हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

खानदेशी_ट्रेकी
बाबांचा प्रतिसाद वाचून पाच मिनिटं गप्प बसलो. तरी कीर्तनाचाच धागा पकडून म्हणतो, मग सगळ्यात फिका बुवा कुठला? 'फेव्हरिट सन'. जहाजावरच्या तरुण हॅरी किमला सांगतात की तू माणूस नाहीसच, तू आमच्या ग्रहाचा, आणि त्या ग्रहावर दहात नऊ बायका, आणि त्या शेवटी पुरुषांचा जीव घेतात. जुनंच आख्यान, खलाशांना भुलवणाऱ्या बायका, आणि लावणाऱ्यानेही काही लावलं नाही. खरं तर 'तू इथलाच आहेस' हे घरासाठी झुरणाऱ्या पोराला सांगणं केवढं जीवघेणं आहे, पण तिकडे कुणी बघितलंच नाही.

कोकणकडा
अवांतर: हॅरी किमला सात वर्षांत एक बढती नाही मिळाली. एनसाइन, म्हणजे सगळ्यात खालचा अधिकारी, म्हणून चढला, एनसाइन म्हणून उतरला.

खानदेशी_ट्रेकी
सेवाज्येष्ठता यादीत नाव होतं, पण फाइल अल्फा क्वाड्रंटला, म्हणजे घराकडच्या भागात, सहीला गेली होती.

गुळपोळी
टूव्हॉकला मिळाली की बढती! आणि पॅरिसला एनसाइन करून तुरुंगात टाकलं महिनाभर, त्यालाही परत लेफ्टनंट केलं. हॅरीनेच काय घोडं मारलं होतं.

कोकणकडा
रिक्त पद नव्हतं म्हणून सांगतात.

अनुजा_के
हसतेय पण हे खरंच लागतं मला. सात वर्षं राबला तो पोरगा.

सॅन_होजेकर
उशिरा आलो धाग्यावर, सगळं वाचून काढलं. बाबांच्या प्रतिसादापुढे काय लिहायचं, तरी लिहितो.

मी ऑगस्ट १९९४ला इकडे शिकायला आलो. १६ जानेवारी १९९५, सोमवार, यूपीएन वाहिनी सुरू झाली तीच व्हॉयेजरने. आम्ही चौघे एका अपार्टमेंटमध्ये, टीव्ही कुणीतरी टाकून दिलेला उचलून आणलेला. भारतात फोन करायचा म्हणजे मिनिटाचा हिशोब, महिन्यातून दोनदा, आई बोलायला लागली की बाबा मागून ठेव ठेव म्हणायचे, बिल माझंच यायचं तरी. बाकी सगळं पत्रावर, पत्र जायला पंधरा दिवस, यायला पंधरा दिवस, म्हणजे आईने विचारलेल्या तापाचं उत्तर मिळेपर्यंत ताप जाऊन महिना झालेला.

आणि अशात फेब्रुवारीत 'आय ऑफ द नीडल' लागला. छोटंसं छिद्र सापडतं, पलीकडे, घराकडच्या बाजूला, एक रोम्युलन, म्हणजे परग्रहवासी, शास्त्रज्ञ. पत्रं द्यायची ठरतात, सगळे जहाजभर पत्रं लिहायला बसतात. मग कळतं तो वीस वर्षं आधीच्या काळातला आहे. तो म्हणतो, पत्रं ठेवतो आणि वेळ आली की पोचवतो. आणि मग टूव्हॉक सांगतो की तो माणूस चार वर्षांपूर्वीच वारला. पत्रं पोचली की नाही कुणालाच कळणार नाही. आम्ही चौघे उठलोच नाही जागेवरून. एकाने न बोलता भात लावला.

म्हणून माझी परीक्षा दूरची_वाट यांच्यापेक्षा वेगळी आहे. पाटी बदलून बघू नका. एवढंच बघा की त्या चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत जहाजावर कुणाला एकदा तरी घर आठवतं का. आठवलं तर तो व्हॉयेजरचा, मग गोष्ट कितीही जुनी असो. 'द क्लाउड' घ्या. ढगातला प्राणी म्हणून सगळे त्याला जेनेरिकमध्ये टाकतात. पण बाई त्या ढगात शिरतात कशाला? ऊर्जा कमी म्हणून रेप्लिकेटरवर, म्हणजे खाणंपिणं बनवणाऱ्या यंत्रावर, रेशन आहे, सकाळची कॉफी मिळत नाहीये, म्हणून! कॉफीसाठी तेजोमेघात जहाज घालणारी कॅप्टन ही घरापासून लांब असलेलीच बाई असू शकते. मी इकडे पहिल्या वर्षी एका डब्यातल्या लोणच्यासाठी दोन बस बदलून सनीव्हेलला जायचो. शिवाय त्यातच पॅरिस होलोडेकवर, म्हणजे खोटी जागा खरी भासवणाऱ्या खोलीत, मार्सेयचा सँड्रीनचा बार उभा करतो, सगळे तिथे जमायला लागतात. परदेशात पहिल्या वर्षी सगळे करतात ते, कुठेतरी एक ओळखीचा कोपरा उभा करतात.

त्या हिशोबाने 'टाइम अँड अगेन' नापास, दूरची_वाट यांचं बरोबर. 'वॉरलॉर्ड' नापास. आणि तिसऱ्या सीझनमधला 'राइज', अंतराळ-लिफ्टमध्ये अडकलेले लोक आणि त्यात एक खुनी, तोही.

नवीन_भिडू
मी नाही म्हटलं तरी वाचतोय. 'आय ऑफ द नीडल' झालाय माझा, आई शेजारी बसली होती, तिने विचारलं त्या माणसाने पत्रं दिली का रे शेवटी. मला उत्तर देता आलं नाही.

टॉर्पेडो_मोजणारा
@सॅन_होजेकर दंडवत. 'द क्लाउड' माझ्या लेखी अडतीस टॉर्पेडोंचा एपिसोड होता, तुम्ही तो कॉफीचा केलात. आता तसाच दिसेल.

पण 'राइज'साठी भांडेन. जहाजाचा स्वयंपाकी नीलिक्स आणि टूव्हॉक एका डब्यात कोंडलेत आणि नीलिक्स पहिल्यांदा फुटतो, की मी कितीही केलं तरी तू मला हिशोबात धरत नाहीस. तो क्षण खरा आहे. खुनीबिनी सोडून द्या.

डेक_पंधरा
घर आठवतं का ही परीक्षा आवडली, पण तिने काही उत्तम एपिसोडही बाद होतील की. 'लिव्हिंग विटनेस' बघा, सातशे वर्षांनंतरचं संग्रहालय, तिथे व्हॉयेजरची माणसं राक्षस म्हणून दाखवलीयेत आणि जहाजावरच्या होलोग्राम डॉक्टरांची जपून राहिलेली प्रत उठून सांगते की असं घडलंच नव्हतं. घर कुणालाच आठवत नाही.

सॅन_होजेकर
@डेक_पंधरा त्याचा शेवट आठवा. डॉक्टर तिथे बरीच वर्षं राहतो आणि मग एक छोटं जहाज घेऊन निघतो, अल्फा क्वाड्रंटकडे. सातशे वर्षांनी. घरी कुणी नसताना.

डेक_पंधरा
हरलो.

अनुजा_के
मला 'कोर्स: ऑब्लिव्हियन' आणायचाय, कारण तो या चर्चेचं उलटं टोक आहे. आधी चौथ्या सीझनमध्ये 'डेमन' झाला, तो मला जेनेरिकच वाटतो, भट्टीसारख्या ग्रहावर चंदेरी द्रव आहे, तो माणसांची नक्कल करतो, शेवटी जहाजावरचे सगळे स्वतःच्या नकला तिथे ठेवून निघून जातात. बघितला, विसरले. आणि मग १९९९ला 'कोर्स: ऑब्लिव्हियन' येतो, टॉम आणि बेलानाचं लग्न, तांदूळ उधळतात, सगळं छान, आणि जहाज विरघळायला लागतं. कारण ही ती नक्कल आहे! त्यांना आठवणच नाही की आपण खरे नाही. तेही घरी निघालेत. कुठलं घर? ज्या घरी त्यांना कुणी ओळखत नाही. शेवटी खरं व्हॉयेजर मदतीची हाक ऐकून येतं तेव्हा नुसता कचरा तरंगतोय, बाई नोंद करायला लावतात आणि पुढे जातात. कुणालाच कधी कळत नाही. मी त्या रात्री जेवले नाही. नवीन_भिडू, तू हे वाचलं असशील तर सॉरी रे.

नवीन_भिडू
वाचलं 😭 ठीक आहे.

प्रोफेसर_भिंगरी
'डेमन'चं कारणच चुकीचं होतं, ड्युटेरियम संपलं म्हणून त्या भट्टीत उतरतात. ड्युटेरियम म्हणजे जड हायड्रोजन, साध्या समुद्राच्या पाण्यातसुद्धा सहा-साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक सापडतो. कुठल्याही बर्फाळ धूमकेतूवर भरून घेता आलं असतं. पण अनुजाताईंनी सांगितलेला दुसरा भाग मी पाहिलेला नाही, आज पाहतो.

आणि हो, 'पॅरलॅक्स' परत पाहिला. मुलगी शेजारी होती, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्या मीटिंगच्या सीनला ती म्हणाली, बाबा थांब, परत लाव. तीन वेळा लावला. तड्याबद्दल मी काही बोललो नाही.

अनुजा_के
सर 🙏🙏

गुळपोळी
मी पण एक सांगू? 'द हॉन्टिंग ऑफ डेक ट्वेल्व्ह'. तेजोमेघातला प्राणी जहाजात शिरतो, दिवे जातात, ही गोष्ट किती वेळा झाली असेल. पण ती नीलिक्स सांगतोय, दिवे बंद असताना बोर्ग या यंत्रमानवी टोळीतून सुटलेल्या चार मुलांना, ज्यांना गोष्ट ऐकणं म्हणजे काय हेच माहीत नाही, आणि ती मधेमधे चुका काढतात, ऊर्जा कशी संपेल, हे अशक्य आहे वगैरे. माझ्या दोन्ही भाच्या अशाच आहेत. लाईट गेली की मी त्यांना हीच सांगते, फक्त जहाजाऐवजी आमच्या आजोळचा माळा.

बाबांचा_रिमोट
@गुळपोळी हा एपिसोड आमच्याकडेही व्हायचा. बाबा नीलिक्सला 'बुवा' म्हणायचे.

दूरची_वाट
चार दिवस धागा नुसता वाचत होते. 'टाइम अँड अगेन' काल परत लावला, सॅन_होजेकरांची परीक्षा डोक्यात ठेवून. सुरुवातीला पॅरिस हॅरीला डबल डेटला चल म्हणून ओढत असतो, आणि हॅरी म्हणतो माझी घरी मैत्रीण आहे. एवढंच, अर्धा मिनिट. पहिल्यांदा माझ्या कानावरून गेलं होतं. म्हणून नापास करायला जीव होईना, पण पुढे अख्ख्या एपिसोडमध्ये पुन्हा कुणी नाव काढत नाही, म्हणून मत कायम ठेवतेय. दुसरं मत 'वॉरलॉर्ड'ला, कोकणकडा यांच्यासारखंच मलाही शेवट आठवेना.

आणि आज 'वर्स्ट केस सिनारिओ' झाला. माकी लोक जहाज ताब्यात घेतात तो, टूव्हॉकने सरावासाठी लिहून ठेवलेला होलोडेकचा कार्यक्रम, आणि सगळे चोरून खेळतात आणि पुढे काय होतं म्हणून एकमेकांना विचारतात. जे भांडण मालिकेत खरं व्हायला पाहिजे होतं ते जहाजावरच्या माणसांनाही बघायचं होतं! बघताना टॉर्पेडो_मोजणारा यांची फार आठवण झाली.

उद्या 'स्कॉर्पियन'. नवऱ्याला सांगून ठेवलंय, साडेनऊनंतर मला कुणी हाक मारायची नाही.

टॉर्पेडो_मोजणारा
दोन्ही भाग सलग बघा. मधे थांबू नका.

नवीन_भिडू
स्कॉर्पियनमध्ये काय आहे??

कोकणकडा
झोप तू.